सातांपैकी तीन बाटल्या

"तुम्ही आजवर पकडलेला सगळ्यात लहान गुन्हेगार केवढा होता?"

प्रश्न ठिपकीचा नव्हताच. मागच्या बाकावरच्या तिघी मैत्रिणींनी तो चिठ्ठीवर लिहून तिच्या मुठीत कोंबला होता आणि वर पैज लावली होती, की ही काही उठत नाही. न उठण्याचं कारण साऱ्या शाळेला ठाऊक होतं. ठिपकीच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर मुरमांनी एवढी गर्दी केली होती, की तिचं हजेरीतलं नाव वर्गशिक्षिकासुद्धा विसरत चालल्या होत्या. भरल्या सभागृहात उभं राहायचं म्हणजे सहाशे डोळे तोंडावर झेलायचे.

पण ठिपकी उठली आणि तिनं खणखणीत आवाजात विचारलं. का उठली, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. दोन दिवस एक गोष्ट मनात सलत होती, आणि ती घेऊन गप्प बसणं उभं राहण्यापेक्षा अवघड झालं होतं, एवढंच.

व्यासपीठावरच्या पाहुण्या खासगी तपासनीस होत्या. चण बारीक, पाठ ताठ, केस आखूड आणि पांढरे. मागची दाबलेली खुसखुस त्यांनी ऐकली, ठिपकीचा चेहरा पाहिला आणि चक्क विचार करून उत्तर दिलं.

"नऊ वर्षांचा. पोस्टाची तिकिटं लंपास करायचा. त्याहून लहान कुणी सापडला तर मला जरूर कळव."

सभागृह हसलं. पण ठिपकीला नाही, ठिपकीबरोबर. या दोन्हींत केवढा फरक असतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या जोरावरच भाषण संपताच ती व्यासपीठामागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याकडे एक आहे. पण तो गुन्हेगार मीच आहे की काय, ते मला कळत नाहीये."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

हकीकत अशी होती. ठिपकीची आई मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन. एकोणीस वर्षं एकच काम, आणि एकदाही बोट ठेवायला जागा नाही. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा किंवा पाणी आलं, की ते पोषक द्रावणाच्या बाटलीत घालायचं. प्रयोगशाळेत त्या द्रावणाला सगळे सूपच म्हणतात. मग बाटली उबदार कपाटात ठेवायची. आत जंतू असला तर तो वाढतो आणि सूप गढूळ होतं. नसला तर नितळ राहतं.

दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या खांद्यात धातूचा सांधा बसवला होता. तेव्हापासून खांदा ठणकत होता, वर जात नव्हता, आणि तपासण्या मात्र स्वच्छ येत होत्या. अखेर सर्जननी खांदा पुन्हा थोडा उघडून आतले तीन तुकडे काढून पाठवले. त्या तिन्ही बाटल्यांत जंतू वाढला. आईनं तसं लिहून दिलं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, सगळ्यांसमोर कागद तिच्या टेबलावर टाकला. हा तर कातडीवरचा साधा जंतू, मुरमांत असतो तो, खांद्याच्या आत त्याचं काय काम, असं ते म्हणाले. नमुना हाताळताना निष्काळजीपणा झाला, असा ठपका आला. आईला टेबलावरून उठवून नोंदणीच्या खिडकीत बसवलं आणि सोमवारी चौकशी ठेवली. ठपका कायम झाला तर आई पुन्हा त्या टेबलावर बसणार नव्हती.

"आणि त्यात तू कशी आलीस?" बाईंनी विचारलं.

साहेबांचं शेवटचं वाक्य आईनं ठिपकीला सांगितलंच नव्हतं. बाबांच्या तोंडून ते निसटलं होतं. 'घरी मुलगी आहे ना तुमच्या, तोंडभर मुरमांची?'

त्या दिवसापासून ठिपकी आईच्या टॉवेलला हात लावत नव्हती. जेवायला टेबलाच्या पार त्या टोकाला बसायची. आईनं जवळ घ्यायला हात पुढे केला की हिला काहीतरी काम आठवायचं. तोंड मात्र दिवसातून सहा वेळा साबणानं घासायची. आई कंटाळून म्हणायची, "अगं, घासून काय उपयोग? ते जंतू वर राहतच नाहीत. त्यांचं घर छिद्राच्या तळाशी, वारा पोचत नाही तिथं."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तपास करू म्हणाल्या, पण अट एक. बरोबर घरचं मोठं माणूस हवं.

घरचं मोठं माणूस म्हणजे बाबा. बाबा पुस्तकं बांधायचे. बोटांना कायम खळ, कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळायची. कळली की म्हणायचे, "पण मग..." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शनिवारी सकाळी दुकान बंद ठेवून ते लेकीबरोबर निघाले.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला पुरावा बघायचा हक्क असतो, असं बाईंनी इस्पितळाला आधीच लेखी कळवलं होतं. त्यामुळे उबदार कपाट उघडायला एक पोक्त मदतनीस किल्ली घेऊन हजर होते. त्यांना सगळे कुकरमामा म्हणत. वापरून झालेल्या बाटल्या फेकण्याआधी त्यांतले जंतू मारायला लागतात. त्यासाठी माणूस मावेल एवढा वाफेचा कुकर होता, आणि तो गेली सतरा वर्षं मामांच्या ताब्यात होता.

बाईंनी कुकरची चौकशी केली तशी मामांची कळी खुलली. कुकरचं रबर फाटलं होतं. नवं यायला आठ दिवस लागले. तोवर फेकायच्या बाटल्या कुठं ठेवणार? राहू दिल्या कपाटातच.

"एरवी कधी फेकता?"

मामांनी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. पाचवा दिवस, नितळ असल्यास बाद. अक्षर साहेबांचं होतं. पेंटरच्या खांद्यातलं पाणी आधीही दोनदा आलं होतं, मामांना आठवत होतं. दोन्ही वेळा पाचव्या दिवशी नितळ, दोन्ही वेळा कुकरमध्ये. या खेपेलाही पाचव्या दिवशी सगळं नितळच होतं. गढूळ दिसलं ते तेराव्या दिवशी, आणि तेही ठिपकीच्या आईला. ती रोज घरी निघण्याआधी कपाट एकदा उघडून बघायची, सवयच होती तिला.

ट्रे बाहेर आला. सात बाटल्या होत्या, सातहींवर आईचं टपोरं अक्षर, एकच तारीख, एकच वेळ. तीन पेंटरच्या. उरलेल्या चार दुसऱ्या चार रुग्णांच्या. कुणाच्या गुडघ्यातलं पाणी, कुणाच्या हाडाचा तुकडा. एकाच बैठकीत एकाच हातानं भरलेल्या.

"हात लावू नकोस, नुसतं बघ," बाई ठिपकीला म्हणाल्या. "काय दिसतं?"

ठिपकी काचेला नाक लावणार होती, पण तोंडाची आठवण झाली आणि वीतभर लांब थांबली. पेंटरच्या तिन्ही बाटल्यांत धुकं होतं. पण सगळीकडे नाही. वरचं दोन बोटं सूप नितळ, धुकं सारं तळाशी. बाकीच्या चार बाटल्या पाण्यासारख्या.

बाबांनी वाकून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. "पण मग," ते म्हणाले, "सात वह्यांना एकाच डब्यातली खळ लावली आणि तीनच सुटल्या, तर मी खळीला बोल लावत नाही."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. ठिपकीनं बाबांकडे पाहिलं. पण बाबा एवढ्यात बाटलीच्या झाकणाची बांधणी न्याहाळण्यात रंगून गेले होते.

पुढे शस्त्रक्रियेच्या खोलीतली सिस्टर. तिला वाटलं, आता ठपका तिच्या गळ्यात पडणार. ती कमरेवर हात ठेवूनच बोलली. सर्जन म्हणजे काय कटकट, म्हणाली. कातडी कापली की ती सुरी बाजूला, पुन्हा त्या सुरीला हात नाही. आतला एकेक तुकडा काढायला वेगळा चिमटा, वेगळी सुरी, आणि तुकडा लगेच आपापल्या डबीत, झाकण बंद. तीन तुकड्यांपायी तिला हत्यारांचे तीन संच उकळावे लागले होते.

"त्याच दिवशी त्याच खोलीतून दुसरा कुणाचा नमुना गेला?"

गेला होता. गुडघ्यातलं पाणी, तासाभरानं. डबी तिनंच भरली होती. ठिपकीनं मनात ट्रे आठवला. गुडघा नितळ होता.

पेंटर घरीच सापडले. जिन्याखालच्या खोलीत रंगांचे डबे ओळीनं मांडलेले, सगळ्यांची झाकणं गच्च. एक पाटी अर्धीच रंगवलेली होती. पहिली अक्षरं ऐटबाज, पुढची थरथरलेली. ती डाव्या हातानं काढली होती. माणूस विनोदी होता, पण विनोद करून दमलेला. ताप कधी आला नाही, खांदा फक्त कोमट राहतो, सुजल्यासारखा, आणि आतून कुणीतरी सावकाश पेच पिळल्यासारखं वाटतं, असं त्यांनी सांगितलं. कधीपासून? पहिल्या महिन्यापासूनच. तपासण्या स्वच्छ आल्यावर घरचेसुद्धा म्हणायला लागले, की दुखणं खांद्यात नाही, डोक्यात आहे.

शस्त्रक्रियेआधी आंघोळ नीट केली होती का, या प्रश्नावर ते दुखावले. सांगितलेल्या औषधी साबणानं तीनदा केली होती. तिथं वर सर्जननी स्पिरिटनं पुसलं ते वेगळंच. पुरावा म्हणून त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढून खांदा दाखवला. जखमेची रेघ सरळ, सुबक. तिच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक खळगे होते.

"हे काय?" ठिपकीनं विचारलं.

"हे होय? तुझ्या वयाचा होतो तेव्हाची देणगी," पेंटर म्हणाले. "पाठ, खांदे, सगळीकडे मुरमं. तुझी परवडली, तुझी निदान समोर तरी आहेत, दिसतात. माझी खाजवायलाही दुसऱ्याला बोलवावं लागायचं."

ठिपकी हसली. बऱ्याच दिवसांत मुरमांवरच्या विनोदाला ती पहिल्यांदा हसत होती.

रविवारी संध्याकाळी ती सहाव्यांदा तोंड घासायला बेसिनशी उभी राहिली आणि साबण हातात घेऊन तशीच राहिली. आरशातल्या मुलीच्या हनुवटीवर एक टपोरा फोड होता. त्यातल्या जंतूचं घर छिद्राच्या तळाशी. वारा पोचत नाही तिथं. बाटलीत धुकं कुठं होतं? तळाशी. पेंटरनी साबण कुठं लावला होता? वर.

तिनं साबण ठेवला आणि बाईंना फोन केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "जंतूंतलं मला कळत नाही, हे तुझं तूच सांगायचं. उद्या नीट झोपून ये."

सोमवारी अकरा वाजता साहेबांच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब, सर्जन, आई, बाई आणि बाबा. ठिपकी उभीच होती. या मुलीचं इथं काय काम, असं साहेबांनी विचारलं.

"तुमच्या आरोपात तिचा चेहरा आहे," बाई म्हणाल्या. "त्याला उत्तर द्यायचा तिला हक्क आहे."

सर्जननी चमकून साहेबांकडे पाहिलं. साहेब कागद सारखे करू लागले.

बाईंनी सुरुवात साधीच केली. बाटल्या सात, त्यांत गढूळ तीन, आणि त्या तिन्ही एकाच माणसाच्या. हात मात्र सातहींना एकच लागला होता. ठिपकीच्या आईच्या हाताला जंतू असता, तर त्याला पेंटरचं नाव वाचून तेवढ्या तीनच बाटल्यांत उतरावं लागलं असतं. सिस्टरच्या हाताला असता तर गुडघ्याची बाटली सुटली नसती. आणि सुरीवर असता, तर तीन सुऱ्या होत्या, तीन चिमटे, तीन डब्या. एकच चोर तीन कुलूपबंद खोल्यांत सापडतो, तेव्हा तो बाहेरून आलेला नसतो.

"शिवाय बाटल्या भरल्या अठरा दिवसांपूर्वी," त्या म्हणाल्या. "खांदा ठणकतोय आठ महिने. पुढचं ही सांगेल."

ठिपकीनं आईकडे पाहिलं. आई नोंदणीच्या खिडकीची निळी पट्टी गळ्यात घालून बसली होती, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. ते पाहून ठिपकी एक पाऊल पुढे झाली.

"साहेब, तुम्ही विचारलंत, खांद्याच्या आत त्याचं काय काम," ती म्हणाली. "त्याला वारा आवडत नाही. म्हणून तो मुरमात तळाशी राहतो. म्हणून तुमच्या बाटलीतसुद्धा वर नितळ आहे आणि धुकं तळाशी आहे. सांध्याच्या आत वारा कुठं असतो? त्याला तिथं घरच मिळालं."

"पण मग," बाबा म्हणाले, "आत शिरला कसा?"

हा प्रश्न बाबांनी विचारला म्हणून ठिपकीला फार बरं वाटलं. सवयीचं होतं ते.

"पेंटरकाकांनी तीनदा आंघोळ केली. डॉक्टरांनी स्पिरिटनं पुसलं. पण ते सगळं वरवर. हा बसलेला छिद्राच्या तळाशी. त्यांच्या खांद्यावर जुन्या मुरमांचे खळगे आहेत, जखमेच्या अगदी लगत. पहिल्या शस्त्रक्रियेत सुरी तिथून गेली, तेव्हा हा थोडासा आत उतरला असणार आणि धातूवर बसला. कातडीवर होता तोवर बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो तुमच्याही अंगावर आहे, साहेब. सगळ्यांच्याच आहे. पण जागा बदलली आणि तो त्रास झाला. धातूवर चिकट पापुद्रा करून राहतो, काल रात्री आईच्या पुस्तकात वाचलं मी, आणि शरीर त्याच्याशी झुंजत राहतं. म्हणून ऊब, म्हणून सूज. वाढतो मात्र अगदी सावकाश, म्हणून ताप नाही."

"सावकाश," सर्जन हळूच म्हणाले. त्यांना पुढचं उमगलं होतं.

"पाच दिवसांत तो दिसतच नाही," ठिपकी म्हणाली. "आधी दोनदा त्याला पाचव्या दिवशी कुकरमध्ये घातलं. या खेपेला रबर फाटलं म्हणून तो वाचला. आणि आई रोज कपाट उघडून बघते म्हणून सापडला. चूक एकच झालीय, साहेब. ती फळ्यावर लिहिलेली आहे."

बाबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली.

आधी बोलले ते सर्जन. आठ महिने आपण या माणसाला व्यायाम वाढवा म्हणून सांगत होतो, असं ते कुणाकडेही न पाहता म्हणाले. आजच बोलावतो, खांदा उघडून धुवायला लागेल, धातू बदलायला लागेल, औषध महिनोन् महिने चालेल. पण आता निदान कुणाशी लढायचं ते कळलं. मग ते उठले आणि ठिपकीच्या आईला म्हणाले, "तिन्ही बाटल्यांचा अहवाल मला तुमच्या सहीनं हवा."

आईच्या सहीनं कधीच काही जात नसे. ती नेहमी म्हणायची, "तू डॉक्टर हो बाई. सही चालते ती त्यांची. आपण नुसत्या टेक्निशियन."

साहेब वाईट माणूस नव्हते, ताठ होते. त्यांनी ठपक्याचा कागद उभा फाडला, मग आडवा. ते उठून प्रयोगशाळेत गेले आणि ओल्या फडक्यानं फळ्यावरचा पाच पुसला. खडू मात्र त्यांनी आईपुढे धरला.

आईनं टपोऱ्या अक्षरात लिहिलं. चौदा. कुकरमामा दारातून बघत होते. चौदा दिवस बाटल्या ठेवायला आता दुसरं कपाट लागणार म्हणून त्यांनी तक्रारही करून टाकली. पण ती करताना त्यांची बत्तिशी दिसत होती.

बाहेर पायऱ्यांवर बाईंनी वही उघडून एक ओळ खोडली.

"नऊ वर्षांचा तिकीटचोर बाद," त्या म्हणाल्या. "सुईच्या टोकावर हजारांनी मावतील असा एक सापडला. आता शाळाशाळांत हेच उत्तर देईन. विचारणारीचं नाव काय लिहू?"

ठिपकीला हजेरीतलं नाव सांगता आलं असतं. तिनं मान वर केली, ऊन पडू दिलं सगळ्या तोंडावर.

"ठिपकी," ती म्हणाली.

रात्रीचं जेवण वाढून झालं होतं. ठिपकीनं आपलं ताट टेबलाच्या त्या टोकावरून उचललं आणि आईच्या शेजारी, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ आणून ठेवलं. आईची खुर्ची कणभर अलीकडे सरकली.

"मी एक ठरवलंय," ठिपकी म्हणाली.

"डॉक्टर होणार," बाबांनी अंदाज केला.

"नाही."

"पण मग त्या बाईंसारखी तपासनीस."

"नाही."

आईनं वाटीत आमटी घालता घालता नेहमीचा प्रश्न विचारला, हात धुतलेस का.

"कोपरापर्यंत," ठिपकी म्हणाली. "नखांतून ब्रश फिरवून. कारण मी टेक्निशियन होणार आहे, आई. नुसती टेक्निशियन नाही. तुझ्यासारखी."